दोनशेवीसचा उजेड

त्या नोव्हेंबरात तोकगोल या कोळशाच्या गावात सगळ्यांत मोठा माणूस कोण, असं कोणी विचारलं असतं तर लोकांनी खाणीच्या मॅनेजरचं नाव घेतलं नसतं, बोंगसिक मिस्त्रीचं घेतलं असतं. शंभर व्होल्टची जुनी वीज काढून घरोघर दोनशेवीसची द्यायची, असं सरकारने ठरवलं होतं आणि वीज कंपनीची माणसं शिड्या घेऊन गल्लीगल्लीतून फिरत होती. सकाळी एखाद्या गल्लीतला दाब वाढला की दुपारपर्यंत तिथले निम्मे रेडिओ आणि भाताचे कुकर धूर सोडून मोकळे. सूचनेचे कागद आठवडाभर आधी वाटले होते. ते लोकांनी खिडकीच्या फटींना चिकटवले, कारण थंडी सुरू झाली होती.

बोंगसिककडे इलाज दोन होते. जुनी चपटी पिन कापून तिथे गोल पिनांचं डोकं बसवायचं. त्याला गावात डुकराचं नाक म्हणत. आणि ज्या यंत्राला दोनशेवीस सोसणार नाहीत त्याच्या आधी दोरान्स लावायचा. दोरान्स म्हणजे विटेएवढा लोखंडी डबा. आत तारेची दोन गुंडाळी. एकीकडून दोनशेवीस आत जातात, दुसरीकडून शंभर बाहेर येतात. हे डबे तो स्वतः गुंडाळायचा. वेढे मोजत असताना कोणी काही विचारलं तर उत्तर मिळायचं नाही, आणि ज्याला हे ठाऊक नव्हतं तो मिस्त्री शिष्ट झालाय असं सांगत गावभर फिरायचा.

तो शिष्ट नव्हता, घाईत होता. वसंतापर्यंत त्याला दुकान एवढं वाढवायचं होतं की त्यात दोन माणसांची पोटं भरतील. दुसरा माणूस म्हणजे मुनहो, त्याचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा मुनहो आठ वर्षांचा होता आणि बोंगसिक एकवीसचा. त्याने धाकट्याला पाठीवर घेऊन गावाबाहेरच्या गिरणीवर कामं केली, त्याला शाळेत घातलं, आणि एवढं करून पोरगा शेवटी कोळशाच्या खाणीतच उतरला. सहा वर्षं झाली होती त्याला. पाळी संध्याकाळची. मध्यरात्र उलटून दार वाजल्याशिवाय बोंगसिकचा डोळा लागत नसे. वसंतात खाण सोडून दुकानात बसेन, असं मुनहोने एकदाचं कबूल केलं होतं. चार महिने राहिले होते.

गुरुवारी दुपारी एकच्या सुमाराला फोटो स्टुडिओच्या योमकाकूंचा फोन आला.

"मिस्त्री, दिवा फुटला."

"कुठला?"

"लाल. सकाळी आमच्या गल्लीची वीज बदलली आणि मी सवयीने बटण दाबलं. मोठ्या यंत्राला हात लावलेला नाही. तेवढी अक्कल शिल्लक आहे."

"मग उद्या येतो, काकू. आज बाजारपेठेत चौदा घरं आहेत."

"आजच यायला हवं. छेमानचा फोटो द्यायचाय."

ओक छेमान काल सकाळच्या पाळीत खाणीच्या तिसऱ्या थरात छत कोसळून गेला होता. त्रेचाळीस वर्षांचा, उशिरा लग्न केलेला, पदरी अडीच वर्षांची मुलगी. तिसऱ्या दिवशी, म्हणजे उद्या सकाळी, त्याला डोंगरावर नेणार होते, आणि त्याच्या उदबत्तीपुढे ठेवायला घरात नखाएवढा ओळखपत्रावरचा फोटो होता. बोंगसिकने एक दोरान्स पाठीवर बांधला, पिशवीत मीटर, कैची आणि शंभरचा एक लाल दिवा टाकला आणि निघाला.

योमकाकूंच्या स्टुडिओत एक काळा कोट खिळ्याला टांगलेला असे. शेजारी टायही, गाठ मारलेलाच. कंपनीच्या ओळखपत्राला कोट लागायचा आणि तोकगोलच्या खाणकामगारांत कोट कोणाकडेच नव्हता, त्यामुळे गेली वीस वर्षं जो तो याच कोटात फोटो काढून घेत आला होता. बसायचं स्टूल जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं. हनुवटी कुठे धरायची त्याची खूण भिंतीवर. माणूस खाणीत दगावला की तीच निगेटिव्ह काढून योमकाकू तिचा दोन वीत उंचीचा फोटो करायच्या, काळी फीत लावून उदबत्तीपुढे ठेवण्याजोगा. गावातले मेलेले सगळे एकाच कोटात होते. याचं कोणाला काही वाटत नसे.

डार्करूम मागच्या बाजूला होती. पूर्वी ती मुळे आणि कोबी साठवायची खोली होती आणि तो वास अजून गेला नव्हता. त्यावर आंबट औषधाचा आणि ओल्या कागदाचा वास बसला होता. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून फोटो मोठा करायचं यंत्र, काकूंच्या नवऱ्याने कधीकाळी बुसानच्या बंदरावर विकत घेतलेलं, जपानी बनावटीचं. उंच खांब, त्यावर काळं डोकं, डोक्यात दूधकाचेचा दिवा. बोंगसिकने दार सताड उघडं ठेवलं आणि दुकानातून येणाऱ्या दुपारच्या उजेडात कामाला लागला.

काम अवघड नव्हतं, किचकट होतं. एन्लार्जरचा दिवा, तो सेकंद मोजून बंद करणारं घड्याळ आणि नवा बसवलेला लाल दिवा, तिन्ही शंभरचे. त्याने तिघांच्या तारा एका फळीवर आणल्या, फळीमागे दोरान्स बसवला, दोरान्सच्या तोंडाला डुकराचं नाक लावलं. मीटर लावून बघतो तर वीज कंपनीचे दोनशेवीस प्रत्यक्षात दोनशेबत्तीस भरले. म्हणजे दिव्याला शंभरऐवजी एकशेपाच मिळणार. तो उडाला तर दूधकाचेचा असा दुसरा दिवा तोकगोलला काय, साऱ्या जिल्ह्यात मिळाला नसता. त्याने डबा उघडला, बाहेरच्या गुंडाळीचे वेढे एकेक करून सोडवले आणि काटा शंभरावर आणून ठेवला. मग नीट झाकण लावलं.

"पूर्वी या गल्लीत किती येत होती, काकू, माहीत आहे? शंभर नुसतं म्हणायला. संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले की पंच्याऐंशी. वीस वर्षं तुमचा दिवा अर्धपोटी जळत होता. आज पहिल्यांदा पोटभर जेवणार."

"मला जास्त नको. पूर्वी होता तेवढाच हवा."

"जास्त कुठे? आत्ता खरा तेवढा."

काकूंनी दार लावलं, त्यामागचा काळा पडदा ओढला. लाल दिवा लागला. दोरान्स गुणगुणायला लागला, खोलीत माशी शिरल्यासारखा. काकूंनी छेमानची निगेटिव्ह यंत्राच्या पट्टीत सरकवली, डोकं वरखाली करून माप जुळवलं, दिवा बंद केला. मग डब्यातून कागद काढून खालच्या चौकटीत बसवला आणि निगेटिव्हवरची धूळ झटकायला ती पुन्हा बाहेर काढली. तेवढ्यात दुकानात कोणीतरी हाक मारली. छेमानच्या घरून कोणी आलं होतं, फोटोचं काय झालं विचारायला.

"आलेच मी. कशाला हात लावू नका," असं म्हणून काकू छेमानची निगेटिव्ह हातात घेऊनच काळा पडदा सारून बाहेर गेल्या.

बोंगसिक लाल अंधारात उभा राहिला. बाहेर काकू हळू आवाजात कोणाची तरी समजूत घालत होत्या. त्याला दिव्याची खात्री करून घ्यायची होती. भार पडल्यावर दाब किती उतरतो ते बघितल्याशिवाय मिस्त्री घरी जात नाही. नुसता दिवा लावून उजेड कळला नसता, पट्टीत काहीतरी हवं होतं. बाजूला निगेटिव्हची पाकिटं नावांनी लावलेली होती. त्याने सहज बोट फिरवलं आणि ते 'प्यो मुनहो' या नावावर थांबलं.

बघू तरी आमचे चिरंजीव केवढे देखणे दिसतात, असं मनात म्हणून त्याने ती निगेटिव्ह पट्टीत सरकवली आणि घड्याळाचं बटण दाबलं.

खाली पांढऱ्या कागदावर मुनहो उमटला. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं: केस पांढरे, कोट पांढरा, चेहरा काळाभोर. आत्ताच पाळी संपवून वर आल्यासारखा. बोंगसिकला हसू आलं. त्याने मीटरकडे बघितलं, दाब अठ्ठ्याण्णव होता, उत्तम होता. मग पुन्हा भावाकडे बघत बसला. घड्याळ अठरा सेकंद चाललं आणि टक्क करून थांबलं. चेहरा गेला. कागद होता तसा पांढरा राहिला.

पडदा हलला. योमकाकूंनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग पट्टीकडे.

"काय केलंत?"

"दिवा तपासला. फर्स्ट क्लास आहे. आमचा मुनहो..."

"कागदावर?"

"कोरा कागद होता की खाली."

"कोरा नसतो तो, मिस्त्री..." त्या हळूच म्हणाल्या. "आता तर नाहीच."

त्यांनी पडदा नीट ओढून घेतला आणि टेबलाच्या कडेला धरून उभ्या राहिल्या. बोंगसिकने या बाईला नवऱ्याच्या प्रेतापुढेसुद्धा सरळ उभं राहिलेलं बघितलं होतं.

"या मापात मी फक्त गेलेल्यांचे फोटो काढते. जिवंत माणसाचा दोनदा निघालाय, दोन्ही वेळा माझ्या नवऱ्याच्या हातून. पहिल्यांदा नवा कागद आला होता, तो बघायला म्हणून. ज्याचा काढला तो दुसऱ्या दिवशी गेला."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेव्हा चुकून झालं. आधीचं आठवत होतं, म्हणून त्यांनी कागद उचलून उन्हात धरला. सगळा काळा पडला. काही उरलं नाही त्यावर. त्या माणसाला वर आणला तेव्हा बायकोने बूट बघून ओळखला."

बोंगसिकने हसायचा प्रयत्न केला. असल्या गोष्टी खाणीच्या गावात पोत्याने मिळतात. डब्यात चार पळ्या भात वाढू नये, बोगद्यात शीळ घालू नये. त्याने स्वतः किती वेळा मुनहोची त्यावरून टिंगल केली होती. पण हसू ओठांपर्यंत आलंच नाही.

"मग धुऊ नका ना तो कागद. काळ्या पाकिटात घाला. कधी दिसलाच नाही तर..."

"चित्र पडलंय त्यावर. दिसत नाही, एवढंच." मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "तेव्हाचा दिवा अर्धपोटी होता. तुम्हीच म्हणालात."

तो बाहेर आला आणि त्याने खाणीच्या कचेरीत फोन लावला. तोकगोलला एक सोय होती. घरच्या कोणाला वाईट स्वप्न पडलं असं कळवलं की त्या माणसाला त्या दिवशी कोणी खाली उतरवत नसे, कारणही विचारत नसे. मुनहोची पाळी चारला सुरू व्हायची. आता अडीच वाजले होते. वेळ होता.

"मुनहो?" कारकून म्हणाला. "तो सकाळी आठलाच उतरला की, मिस्त्री. छेमानची जागा रिकामी होती ना. मुकादम म्हणाला, आज त्याच्या जागी तू उभा राहा. तुम्हाला सांगितलं नाही त्याने?"

"मी सहालाच निघालो होतो..."

"येईल चारला वर. काही निरोप?"

"स्वप्न पडलं होतं. वाईट."

"अहो, ते उतरायच्या आधी कळवायचं असतं," कारकून म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बोंगसिक आत आला. लाल उजेडात योमकाकू होत्या तिथेच उभ्या होत्या. चौकटीतला कागद पांढरा होता. त्याला वाटलं, आत्ता या कागदावर आपला भाऊ आहे आणि आपल्याला तो दिसत नाही.

"काकू, काहीतरी करा. काहीही करा."

"एक सुचतंय," त्या म्हणाल्या. "याच कागदावर वरून छेमानला टाकायचा. कोट तोच, स्टूल तेच, खांदे खांद्यांवर बसतील. फोटो छेमानचा होऊ दे. तो गेलेलाच आहे. त्याचं आणखी काय जायचंय?"

"असं पूर्वी केलंय कोणी?"

"नाही."

न तपासलेल्या जोडणीत वीज सोडायची नाही, हा धंद्यातला पहिला धडा. बोंगसिकने तो शेकडो वेळा लोकांना ऐकवला होता. "करा," तो म्हणाला.

काकूंनी मुनहोची निगेटिव्ह काढून छेमानची घातली. मुनहोला अठरा सेकंद मिळाले होते, भरल्या उजेडाचे, म्हणून छेमानला त्यांनी छत्तीस लावले. बटण दाबताना त्यांनी डोळे मिटून घेतले. बोंगसिकने मिटले नाहीत. कागदावर काळा चेहरा उतरला, रुंद जबड्याचा, भुवईवर खाणीतल्या जखमेचा वण असलेला.

आणि दोरान्सचा आवाज बदलला. आधी तो सारखा गुणगुणत होता. आता गुणगुणून थांबायचा, पुन्हा गुणगुणायचा. बोंगसिकने डब्यावर तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या पाठीसारखा तो गरम होता आणि हाताखाली वर येत होता, खाली जात होता. आयुष्यभर त्याने हे डबे गुंडाळले होते. वीज सेकंदाला साठ वेळा उलटसुलट होते, हे त्याला ठाऊक होतं. ती मध्ये थांबून दम घेत नाही, हेही ठाऊक होतं. त्याने हात काढला नाही. घड्याळ टक्क करून थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला.

काकूंनी कागद औषधाच्या ताटात बुडवला.

इतक्या उजेडानंतर कागद काळाठिक्कर पडायला हवा होता. काकू पुटपुटत होत्या तेच, काळा पडेल, काळा पडू नको. पण तो काळा पडला नाही. आधी कोट आला, मग टाय, मग कॉलरच्या वर राखाडी धूर जमल्यासारखं काहीतरी. त्यात बोंगसिकला दोन हनुवट्या दिसल्या, एक रुंद आणि एक निमुळती. निमुळती ओळखीची होती. तिच्यावरचं दूध त्याने स्वतःच्या बाहीने पुसलं होतं. मग ती रुंद हनुवटीत विरून गेली. भुवई आली. भुवईवरचा वण आला. ताटात ओक छेमान होता, स्वच्छ, एकटा, मुनहोची एक रेघसुद्धा कुठे नव्हती.

बोंगसिक जमिनीवर बसला आणि रडायला लागला. एका मेलेल्या माणसाचा चेहरा बघून आपल्याला एवढा आनंद होतोय, याची त्याला लाज वाटली, पण आनंद व्हायचा तो झालाच.

"झालं," काकू म्हणाल्या. "झालं, मिस्त्री. उठा."

तेवढ्यात ताटातल्या पाण्यावर कडेपासून मध्यापर्यंत बारीक वलयं उठली. बाटल्या एकमेकींवर वाजल्या. जमीन हलली म्हणावी एवढीही हलली नव्हती. थोड्या वेळाने खाणीचा भोंगा झाला. एकदा. दोनदा. मग तिसऱ्यांदा.

तीन भोंग्यांनंतर तोकगोलमध्ये कोणी कोणाला काही विचारत नाही. बोंगसिक रस्त्याने धावत सुटला तेव्हा दारादारांतून बायका बाहेर पडत होत्या, कोणाच्या हाताला पीठ, कोणाच्या पाठीवर पोर. फाटकापाशी पोचेपर्यंत डोंगराआड ऊन गेलं होतं. तो गर्दीत घुसला आणि दिसेल त्याला भावाचं नाव सांगत राहिला. शेवटी मुकादमानेच त्याला दंड धरून बाजूला घेतलं. मुकादमाचा चेहरा कोळशाखाली पांढरा पडलेला होता.

"जिवंत आहे. ओरडू नका. जिवंत आहे."

"कुठे आहे?"

"तिसऱ्या थरातच परत छत बसलं. बाकीचे अलीकडे होते, मुनहो एकटा पलीकडे. आम्ही आशा सोडली होती. आणि अर्ध्या तासाने हा चालत आला, पश्चिमेच्या जुन्या बोगद्यातून. तो बोगदा दहा वर्षं बंद आहे, मिस्त्री. वाट मलाही आठवत नाही. छेमानला माहीत होती, त्याच्या तरुणपणी त्यानेच खणला तो."

"छेमानने दाखवली असेल कधी."

"असेल," मुकादम म्हणाला. पण त्याने बोंगसिकच्या नजरेला नजर दिली नाही. "तोंडसुद्धा धुतलं नाही त्याने. हजेरीच्या खिडकीत बिल्ला टाकायचा असतो, तर छेमानच्या खिळ्याला अडकवून गेला."

"घरी गेला?"

"वरच्या चाळीकडे गेला."

बोंगसिक आणि मुनहो खाली ओढ्याकाठी राहत. वरच्या चाळीत त्यांचं कोणी नव्हतं. चाळीच्या शेवटच्या टोकाला तेवढा एक कागदी कंदील लटकत होता, मयताच्या घराचा. बोंगसिक चढ चढला, आता धावत नव्हता. आपण काय बघणार आहोत हे त्याला ठाऊक नव्हतं, पण बघायची घाईही राहिली नव्हती.

दारात जोड्यांचा ढीग होता. आत माणसं बसली होती, लाल रश्श्याच्या वाट्या, सोजू-दारूच्या हिरव्या बाटल्या, हळू आवाजात चाललेली बोलणी. शवपेटी झाकणाऱ्या पडद्यापुढे उदबत्ती जळत होती, फोटोची जागा अजून रिकामी होती. आणि चुलीजवळच्या ऊबदार कोपऱ्यात, जिथे घरचा कर्ता बसतो, तिथे मुनहो बसला होता. चेहरा काळाभोर. त्याच्या मांडीवर छेमानची मुलगी झोपली होती. दोन दिवस ती कोणाकडे राहत नव्हती आणि रडून रडून तिचा आवाज बसला होता, हे सगळ्या चाळीला माहीत होतं. आता तिने मुनहोचं एक बोट मुठीत धरलं होतं.

"मुनहो," बोंगसिक म्हणाला. "चल, घरी चल."

मुनहोने वर बघितलं. दार दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं, आदराने.

"या मिस्त्री," तो म्हणाला. "बसा. जेवून जा."

आवाज मुनहोचाच होता. पण अठ्ठावीस वर्षांत त्याने बोंगसिकला दादाखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

छेमानची बायको सुनदोक पांढऱ्या सुती कपड्यांत पुढे आली. तिने पडद्यापुढे मयतासाठी ठेवलेली भाताची वाटी उचलून आणली होती आणि ती मुनहोपुढे ठेवली. मग ती बोंगसिकच्या जवळ आली आणि त्याच्या बाहीला धरून इतकं हळू बोलली की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं.

"आल्या आल्या त्यांनी तुळईमागची दोरी काढली, पोरीच्या झोळीची. ती कुठे ठेवतात ते मलासुद्धा माहीत नव्हतं... काही बोलू नका ना, दादा. तुमच्या पाया पडते. पोरगी झोपलीय."

बोंगसिकने बाही सोडवून घेतली आणि जोडे काढून दाराशीच बसला.

तेवढ्यात योमकाकू फोटो घेऊन आल्या. चौकटीला काळी फीत लावलेली, वर पांढरं कापड. त्यांनी तो पडद्यापुढे उभा केला आणि कापड काढलं. खोलीत उसासा उमटला. किती हुबेहूब आलाय, असं कोणी म्हणालं. भुवईवरचा वणसुद्धा बघा, असं दुसरं कोणी म्हणालं. सुनदोक तोंडावर बाही दाबून रडली. एकेक जण पुढे जाऊन उदबत्ती लावून दोनदा जमिनीपर्यंत वाकून मागे येऊ लागला. बोंगसिकचा नंबर आला. तो पुढे गेला, उदबत्ती पेटवली, राखेत रोवली आणि मान वर केली.

चौकटीत मुनहो होता. तोच कोट, तोच टाय, निमुळती हनुवटी, डाव्या कानामागून वर उठलेली केसांची बट, जी लहानपणापासून पाणी लावूनही बसत नसे. बोंगसिकने मागे वळून योमकाकूंकडे बघितलं. त्या दारातूनच परत फिरल्या होत्या.

तोकगोलची रीत अशी आहे की मोठ्या माणसाच्या फोटोपुढे दोनदा वाकायचं. धाकट्याच्या फोटोपुढे थोरला वाकत नाही. धाकटा भाऊ आधी गेला तर थोरल्याने उदबत्ती लावून नुसतं उभं राहायचं असतं.

बोंगसिक उभा राहिला. मागे कुजबुज सुरू झाली. "मिस्त्री, वाका की," कोणीतरी म्हणालं. "छेमान तुमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा होता." कोणी त्याच्या पाठीला हात लावला. तो हलला नाही. रीत त्याला ठाऊक होती.

मग चुलीजवळच्या कोपऱ्यातून, मांडीवरच्या पोरीला जाग येऊ नये अशा बेताने, मुनहोचा आवाज आला.

"राहू दे," तो आवाज लोकांना म्हणाला. "त्यांना वाकायला लावू नका. त्यांचा धाकटा आहे तो."